वेब प्रतिसादांचा ताजेपणा व मुदतसमाप्ती : कापूस बाजारभावाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

संकेतस्थळावरील माहिती वाचकापर्यंत पोहोचताना अनेकदा मूळ सर्व्हरवरून न येता वाटेतील एखाद्या साठ्यातून येते. या साठ्यास संगणकशास्त्रात ‘कॅशे’ असे म्हणतात. साठवलेली प्रत अजून वापरण्यायोग्य आहे की शिळी झाली आहे, याचा निर्णय आज्ञावली काही निश्चित नियमांच्या आधारे घेते. प्रस्तुत लेखात हे नियम, त्यामागील गणित आणि त्यांच्या मर्यादा स्पष्ट केल्या आहेत. केळापूर तालुक्यासारख्या कापूस उत्पादक भागात बाजारभावाच्या पृष्ठाला हे नियम कसे लागू पडतात, याचा विशेष विचार येथे केला आहे.

बीजशब्द : कॅशे, ताजेपणाची मुदत, प्रतिसादाचे वय, फेरपडताळणी, बाजारभाव.

१. प्रस्तावना

माहितीचे मूल्य तिच्या वयावर अवलंबून असते, हे कापसाच्या व्यापाराने फार पूर्वीच अनुभवले आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू असताना तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि भारतातील कापसाला अभूतपूर्व भाव आला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेकडील सैन्याने शरणागती पत्करल्याची वार्ता मुंबईत येऊन थडकताच भाव कोसळले. जुलै १८६५ पर्यंत मुंबईतील अनेक व्यापारी व पेढ्या दिवाळखोर झाल्या. कालच्या भावावर आजचा सौदा करणाऱ्यास त्या काळी जी किंमत मोजावी लागली, तिचेच लहान रूप आजच्या शेतकऱ्याच्या वाट्यास येऊ शकते.

आज भाव कळण्याची साधने पुष्कळ आहेत. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची स्थापना १९८४ मध्ये झाली व आता त्याच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे दैनंदिन भाव पाहावयास मिळतात. केंद्र शासनाच्या विपणन व निरीक्षण संचालनालयाने २००० साली ‘एगमार्कनेट’ हा देशव्यापी उपक्रम सुरू केला. पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्यालय नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर वसलेले असल्याने येथील शेतकऱ्यास एकाहून अधिक बाजारपेठांचा विचार करता येतो. कापूस कोठे व केव्हा न्यावा हे ठरविताना तो मोबाइलवर भाव पाहतो. तथापि पडद्यावर दिसणारा आकडा आत्ताचा आहे की तासाभरापूर्वीचा, याची खात्री कोण देतो? हा प्रश्न वरवर साधा वाटला तरी त्याचे उत्तर वेबच्या रचनेत खोलवर दडलेले आहे.

२. कॅशे : संकल्पना व आवश्यकता

‘कॅशे’ या शब्दाचा रोख रकमेशी संबंध नाही. वारंवार लागणारी वस्तू हाताशी ठेवण्याची जागा, असा त्याचा अर्थ. स्वयंपाकघरात रोजचे तिखट-मीठ मिसळणाच्या डब्यात असते आणि वर्षाचा साठा कोठीत असतो. प्रत्येक फोडणीसाठी कोणी कोठीत जात नाही. त्याचप्रमाणे ब्राउझर एकदा आणलेले पृष्ठ, चित्र अथवा अक्षरसंच स्वतःजवळ ठेवतो आणि पुन्हा मागणी झाल्यास तोच दाखवितो.

असे साठे एकाच ठिकाणी नसतात. वाचकाच्या ब्राउझरमधील साठा हा ‘खाजगी’ साठा होय, कारण त्याचा लाभ एकाच व्यक्तीस होतो. महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत सर्व संगणकांसाठी मिळून एक प्रॉक्सी सर्व्हर बसविलेला असेल, तर त्याचा साठा ‘सामायिक’ ठरतो. १९९६ पासून विकसित होत गेलेली ‘स्क्विड’ ही मुक्त आज्ञावली या कामासाठी अनेक संस्थांत वापरली गेली. याखेरीज मोठी संकेतस्थळे निरनिराळ्या देशांत वितरण केंद्रे उभारतात, त्यांचे साठेही सामायिकच असतात.

कॅशेचे लाभ तीन आहेत. वाचकास पृष्ठ लवकर मिळते, जोडणीवरील भार कमी होतो आणि मूळ सर्व्हर गर्दीच्या वेळी तग धरतो. इयत्ता दहावीच्या निकालाच्या दिवशी एकाच घटकेला राज्यभरातून मागणी येते, तेव्हा संकेतस्थळाचे मुखपृष्ठ, चित्रे व सूचना जर साठ्यांतून पुरविल्या गेल्या, तर मूळ सर्व्हरची शक्ती प्रत्यक्ष निकाल देण्यासाठी शिल्लक राहते. मात्र या लाभांसोबत एक जोखीमही येते. साठवलेली प्रत आणि मूळ माहिती यांत अंतर पडू शकते. हे अंतर मर्यादेत ठेवण्याचे शास्त्र म्हणजेच ताजेपणा व मुदतसमाप्ती यांचे नियम होत.

३. नियमांचा विकास

ब्राउझर व सर्व्हर ज्या संकेतांनुसार परस्परांशी संवाद साधतात त्यास एचटीटीपी असे म्हणतात. त्याच्या १.० या आवृत्तीचे वर्णन करणारा दस्तऐवज, आरएफसी १९४५, मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘एक्स्पायर्स’ हे हेडर होते. सर्व्हर त्याद्वारे प्रत केव्हा मुदतबाह्य होईल, ती तारीख व वेळ सांगत असे. १.१ या आवृत्तीचा पहिला दस्तऐवज, आरएफसी २०६८, जानेवारी १९९७ मध्ये आला. त्यात ‘कॅशे-कंट्रोल’ हे अधिक समर्थ हेडर समाविष्ट झाले. पुढे जून १९९९ मध्ये आरएफसी २६१६, जून २०१४ मध्ये केवळ कॅशेसाठी वाहिलेला आरएफसी ७२३४ आणि जून २०२२ मध्ये आरएफसी ९१११ प्रसिद्ध झाले. यांपैकी शेवटचा दस्तऐवज आज प्रमाण मानला जातो. रॉय फिल्डिंग, मार्क नॉटिंगहॅम व ज्युलियन रेश्के हे त्याचे संपादक होत.

या सर्व दस्तऐवजांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : प्रतिसादाच्या ताजेपणाची मुदत त्याच्या सध्याच्या वयापेक्षा अधिक असेल, तर तो ताजा, अन्यथा शिळा. म्हणजेच आज्ञावलीस दोनच संख्या काढाव्या लागतात, मुदत आणि वय. पुढील विवेचन याच क्रमाने केले आहे.

४. ताजेपणाची मुदत कशी ठरते?

मुदत ठरविताना कॅशे पुढील चार पायऱ्या क्रमाने तपासते. ज्या पायरीवर उत्तर मिळेल तेथेच ती थांबते.

१) साठा सामायिक असेल व प्रतिसादात ‘एस-मॅक्सएज’ हा निर्देश असेल, तर त्यातील सेकंदांची संख्या हीच मुदत.

२) ‘मॅक्स-एज’ हा निर्देश असेल, तर त्यातील सेकंदांची संख्या.

३) ‘एक्स्पायर्स’ हे हेडर असेल, तर त्यातील वेळेतून ‘डेट’ या हेडरमधील वेळ वजा करून येणारा कालावधी.

४) यांपैकी काहीच नसेल, तर कॅशेने स्वतः केलेले अनुमान.

हा क्रम महत्त्वाचा आहे. एकाच प्रतिसादात ‘मॅक्स-एज’ व ‘एक्स्पायर्स’ ही दोन्ही असल्यास पहिल्याचा शब्द अंतिम ठरतो. उदाहरणार्थ, भावाच्या पृष्ठावर ‘मॅक्स-एज’ १८०० असेल, तर ते अर्धा तास ताजे मानले जाईल, मग ‘एक्स्पायर्स’मध्ये उद्याची तारीख का असेना. त्याच पृष्ठास ‘एस-मॅक्सएज’ ३०० हा निर्देश जोडल्यास सामायिक साठ्यांसाठी मुदत पाच मिनिटांवर येते, ब्राउझरसाठी मात्र ती अर्धा तासच राहते. ‘एक्स्पायर्स’मध्ये तारखेऐवजी केवळ शून्य लिहिलेले आढळल्यास ती अवैध तारीख समजून प्रतिसाद आधीच शिळा झाला आहे असे मानावे, असाही नियम आहे.

५. अनुमानाने ठरणारी मुदत आणि हंगामी माहिती

चौथी पायरी सर्वांत नाजूक आहे. पृष्ठ बनविणाऱ्याने मुदतीविषयी काहीच सांगितले नाही, तर प्रतिसाद आपोआप ‘न साठवण्याजोगा’ ठरत नाही. कॅशे आपल्या मताने मुदत ठरवू शकते. हे अनुमान बहुधा ‘लास्ट-मॉडिफाइड’ या हेडरवरून, म्हणजे पृष्ठात शेवटचा बदल केव्हा झाला यावरून केले जाते. शेवटच्या बदलापासून लोटलेल्या काळाच्या १० टक्के इतकी मुदत, हे प्रमाण दस्तऐवजात नमुन्यादाखल नमूद केलेले आहे. ‘स्क्विड’च्या मूळ मांडणीत सामान्य पृष्ठांसाठी हे प्रमाण २० टक्के असून कमाल मर्यादा ४,३२० मिनिटांची, अर्थात तीन दिवसांची आहे.

या अनुमानामागील तर्क असा की, जी गोष्ट दीर्घकाळ बदलली नाही ती नजीकच्या काळातही बदलणार नाही. एखाद्या संस्थेच्या इतिहासाचे पृष्ठ दहा वर्षे तसेच असेल, तर उद्याही ते तसेच असण्याचा संभव अधिक. परंतु हा तर्क हंगामी माहितीस लागू पडत नाही.

आपल्या भागात कापसाची खरेदी सर्वसाधारणपणे दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते व उन्हाळ्याकडे झुकताना आवक ओसरत जाते. असे समजू की, एका काल्पनिक बाजारभाव पृष्ठावर कापसाचा शेवटचा आकडा हंगाम संपताना चढविला गेला, त्यानंतर ८० दिवस त्यास कोणी हात लावला नाही आणि पृष्ठाला मुदतीचा कोणताही निर्देश नाही. नव्या हंगामाच्या शुभारंभाच्या आदल्या सायंकाळी कोणी ते पृष्ठ उघडले. १० टक्क्यांच्या हिशेबाने त्या ब्राउझरने त्या प्रतीस आठ दिवस ताजे ठरविले. २० टक्क्यांच्या हिशेबाने सोळा दिवस आले असते, पण कमाल मर्यादेमुळे प्रॉक्सीने ते तीन दिवसांवर आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्ताचा सौदा झाला, नवा भाव सर्व्हरवर नोंदला गेला, तरी त्या वाचकास मात्र मागील हंगामाचाच आकडा दिसत राहील. यात कोणतीही आज्ञावली चुकलेली नाही. प्रत्येकीने नियमानुसारच काम केले.

म्हणजे ज्या क्षणी बदल होण्याची शक्यता सर्वाधिक, नेमक्या त्याच क्षणी अनुमान सर्वाधिक निर्धास्त असते. पृष्ठ जितके अधिक काळ स्वस्थ, तितकी मुदत मोठी. आणि हंगामाच्या तोंडावर ते सर्वांत अधिक काळ स्वस्थ राहिलेले असते. क्विंटलमागे १०० रुपयांचा फरक गृहीत धरला, तरी २० क्विंटलच्या गाडीमागे तो २,००० रुपयांचा होतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा विषय केवळ तांत्रिक राहत नाही, तो असा. यास्तव हंगामी माहितीच्या पृष्ठावर मुदतीचा स्पष्ट निर्देश असणे अनिवार्य आहे.

६. प्रतिसादाचे वय

मुदत कळली तरी वय कळल्याशिवाय निर्णय होत नाही. प्रत आपल्याकडे आल्यापासूनचा काळ म्हणजेच वय, असे प्रथमदर्शनी वाटते. पण प्रत आपल्याकडे येण्यापूर्वीच वाटेत शिळी होत आलेली असू शकते. दुकानातून आज आणलेल्या पावाचे वय आजपासून मोजायचे नसते, भट्टीतून निघाल्यापासून मोजायचे असते.

यासाठी ‘एज’ हे हेडर योजले आहे. सामायिक साठा प्रत पुढे देताना तिचे आतापर्यंतचे वय सेकंदांत त्यात नमूद करतो. प्रत स्वीकारणारी कॅशे दोन मार्गांनी वय काढते. पहिल्या मार्गात प्रत हाती आल्याच्या वेळेतून ‘डेट’मधील निर्मितीची वेळ वजा करतात, उत्तर ऋण आल्यास शून्य धरतात. दुसऱ्या मार्गात ‘एज’मधील आकड्यात विनंती पाठविल्यापासून उत्तर येईपर्यंत लागलेला वेळ मिळवितात. या दोहोंपैकी जे अधिक ते आरंभीचे वय. त्यात आपल्याकडे पडून राहिल्याचा काळ मिळविला की सध्याचे वय मिळते.

एक उदाहरण घेऊ. भावाचे पृष्ठ दुपारी २ वाजता तयार झाले व वितरण केंद्रात साठविले गेले. त्याची मुदत १८०० सेकंद आहे. महाविद्यालयाच्या प्रॉक्सीने २ वाजून २० मिनिटांनी त्याची मागणी केली आणि चार सेकंदांनी उत्तर आले. उत्तरात ‘एज’ १२०० असे होते. पहिल्या मार्गाने वय १२०४ सेकंद येते, दुसऱ्या मार्गानेही १२०० अधिक ४, म्हणजे १२०४ सेकंदच येते. पुढे १३ मिनिटांनी, अर्थात ७८० सेकंदांनी, प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याने तेच पृष्ठ मागितले. सध्याचे वय १२०४ अधिक ७८०, म्हणजे १९८४ सेकंद झाले. ते १८०० पेक्षा अधिक असल्याने प्रत शिळी ठरते. प्रॉक्सीने केवळ आपल्याकडील ७८० सेकंदच मोजले असते, तर ती ताजी समजून दिली गेली असती.

दोन मार्ग कशासाठी, हाही प्रश्न येथे उद्भवतो. समजा, प्रॉक्सीचे घड्याळ दहा मिनिटे मागे आहे. मग पहिल्या मार्गाने वय ६०४ सेकंदच येईल, दुसऱ्या मार्गाने मात्र १२०४ येईल, कारण त्यात घड्याळातील प्रत्यक्ष वेळेचा संबंध नसून केवळ कालावधीचा आहे. दोहोंतील मोठी संख्या घेतल्यामुळे चुकीच्या घड्याळाचा दोष झाकला जातो. संशय असेल तेव्हा प्रत अधिक जुनी मानावी, हे या गणितामागील सावधपणाचे सूत्र आहे.

७. घड्याळ, ग्रीनिच वेळ व भारतीय प्रमाणवेळ

एचटीटीपीमधील सर्व तारखा ग्रीनिच वेळेत लिहाव्या लागतात. भारतीय प्रमाणवेळ त्याहून साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद पुढे आहे. आपल्याकडील नवशिक्या आज्ञावलीकाराकडून येथे एक विशिष्ट गफलत होण्याचा संभव असतो.

दुपारी २ वाजता तयार झालेले पृष्ठ अडीच वाजता मुदतबाह्य व्हावे अशी अपेक्षा आहे. ग्रीनिच वेळेत हे अनुक्रमे सकाळी ८.३० व ९ असे होईल. आज्ञावलीने ‘एक्स्पायर्स’मध्ये स्थानिक घड्याळातील १४.३० ही वेळ तशीच लिहून तिच्यापुढे ग्रीनिचचे चिन्ह जोडले, तर तिचा अर्थ भारतात रात्रीचे ८ वाजले असा होतो. सर्व्हरने ‘डेट’मध्ये ८.३० ही वेळ बरोबर दिली असल्यास वजाबाकी सहा तासांची येते. अर्ध्या तासासाठी ठरविलेला भाव रात्रीपर्यंत ताजा मानला जातो. तोवर यार्डातील लिलाव आटोपून गाड्या परतलेल्या असतात.

याउलट ‘डेट’ व ‘एक्स्पायर्स’ या दोन्हींत हीच चूक सारखीच झाली असेल, तर वजाबाकी अर्ध्या तासाचीच येते आणि मुदत योग्य निघते. मुदत काढताना कॅशे स्वतःच्या घड्याळाऐवजी सर्व्हरच्या ‘डेट’चा आधार का घेते, याचे कारण यातून उमजते. तथापि सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे ‘मॅक्स-एज’चा वापर होय. तेथे तारीख नसते, केवळ सेकंद असतात. म्हणून मुदत ठरविताना प्रमाणवेळेचा घोळ होत नाही.

८. फेरपडताळणी : सातबारा व फेरफार यांचा दाखला

प्रत शिळी झाली म्हणजे ती टाकून द्यावी लागते असे नाही. ‘शिळी’ याचा अर्थ ‘चुकीची’ असा नसून ‘विचारल्याशिवाय वापरू नये’ असा आहे. हे विचारणे म्हणजे फेरपडताळणी.

ही कल्पना ग्रामीण वाचकास महसुली कागदपत्रांवरून सहज समजेल. शेतकऱ्याजवळ मागील वर्षी काढलेला सातबारा उतारा आहे. त्यानंतर जमिनीत वारसनोंद, खरेदी अथवा बोजा असा काही बदल झाला असेल, तर त्याची नोंद गाव नमुना सहा, म्हणजेच फेरफार नोंदवहीत क्रमांकासह होते आणि प्रमाणित झाल्यावर तिचा अंमल सातबारावर दिला जातो. उताऱ्यावरील शेवटचा फेरफार क्रमांक व दप्तरातील त्या जमिनीचा शेवटचा फेरफार क्रमांक जुळत असतील, तर जुन्या उताऱ्यातील हक्कांच्या नोंदी अजूनही बरोबर आहेत हे संपूर्ण उतारा न वाचताही सांगता येते.

वेबवर फेरफार क्रमांकाचे काम ‘ईटॅग’ करतो. सर्व्हर प्रत्येक प्रतिसादासोबत एक खूण देतो. प्रत शिळी झाल्यावर कॅशे ‘इफ-नन-मॅच’ या हेडरमध्ये ती खूण परत पाठविते. खूण जुळल्यास सर्व्हर ३०४ या क्रमांकाचे उत्तर देतो. त्याचा आशय ‘बदल नाही’ असा असून त्यासोबत पृष्ठाचा मजकूर येत नाही. कॅशे आपल्या प्रतीची हेडरे अद्ययावत करते आणि प्रत पुन्हा ताजी होते. यास शिळ्या कढीला ऊत आणणे म्हणता येणार नाही, कारण मूळ मालकाने ती अजून खाण्यायोग्य असल्याची ग्वाही दिलेली असते. खूण न जुळल्यास २०० क्रमांकाचे उत्तर व नवा मजकूर येतो.

‘लास्ट-मॉडिफाइड’ व ‘इफ-मॉडिफाइड-सिन्स’ या जोडीनेही हेच काम होते. पण त्यांचे माप एका सेकंदाचे आहे. एकाच सेकंदात दोनदा बदललेले पृष्ठ त्यांच्या नजरेतून सुटू शकते. म्हणून ‘ईटॅग’ अधिक विश्वसनीय मानला जातो.

९. काही निर्देशांचे नेमके अर्थ

विद्यार्थ्यांच्या मनात ज्या निर्देशांविषयी गोंधळ आढळतो, त्यांचे अर्थ येथे स्पष्ट करणे उचित ठरेल.

‘नो-कॅशे’ याचा शब्दशः अर्थ ‘साठवू नका’ असा वाटतो, पण तो तसा नाही. प्रत साठवावी, मात्र प्रत्येक वापरापूर्वी फेरपडताळणी करावी, असा त्याचा आशय आहे. खरोखर साठवू नये असे सांगणारा निर्देश ‘नो-स्टोअर’ हा होय. ‘मस्ट-रिव्हॅलिडेट’ असल्यास प्रत ताजी असेपर्यंत ती मुक्तपणे वापरता येते, परंतु शिळी झाल्यावर सर्व्हरशी संपर्क होत नसला तरी ती देता येत नाही.

‘प्रायव्हेट’ हा निर्देश सामायिक साठ्यांना मज्जाव करतो. त्याचे महत्त्व केवळ ताजेपणापुरते नाही. विद्यार्थ्याचे गुणपत्रक अथवा खातेदाराची शिल्लक दाखविणाऱ्या पृष्ठावर हा निर्देश नसेल व उलट ‘पब्लिक’ लिहिले गेले असेल, तर एकाची माहिती दुसऱ्याच्या पडद्यावर जाण्याचा धोका संभवतो.

एकाच पत्त्यावर वाचकाच्या पसंतीनुसार मराठी अथवा इंग्रजी पृष्ठ मिळत असेल, तर ‘व्हेरी’ या हेडरने तसे कळविणे आवश्यक असते. अन्यथा पहिल्या वाचकाने इंग्रजी पृष्ठ मागितल्यावर तेच साठ्यातून मराठी वाचकाच्या वाट्यास येईल.

सर्व्हर बंद पडला असता शिळी प्रत देण्याची मुभा ‘स्टेल-इफ-एरर’ या निर्देशाने देता येते. मे २०१० च्या आरएफसी ५८६१ मध्ये तो मांडला गेला. बसच्या वेळापत्रकासारख्या माहितीस ही सोय उपकारक आहे. चालू भावाच्या बाबतीत मात्र तिचा उपयोग जपून करावा.

१०. मुदतीपूर्वी प्रत रद्द करणे : मराठी विकिपीडियाचे उदाहरण

बदल केव्हा होईल हे आधी सांगता येत नसेल, तर मुदत किती द्यावी? लहान दिल्यास सर्व्हरवर भार, मोठी दिल्यास शिळेपणाचा धोका. या पेचातून सुटण्याचा एक मार्ग विकिपीडियाने अवलंबिला आहे. मराठी विकिपीडियाचा प्रारंभ १ मे २००३ रोजी झाला. त्यातील लेख कोणीही, कोणत्याही क्षणी संपादित करू शकतो. म्हणून निश्चित मुदत देणे शक्यच नाही. विकिमीडिया प्रतिष्ठानची वितरण केंद्रे सदस्य म्हणून प्रवेश न केलेल्या वाचकांसाठी लेखांच्या प्रती साठवितात. असेच एक केंद्र २०१८ मध्ये सिंगापूर येथे कार्यान्वित झाले. लेखात संपादन झाले की मूळ यंत्रणा या केंद्रांना ती प्रत काढून टाकण्याचा आदेश देते. ब्राउझरला मात्र असा आदेश पाठविता येत नाही. सबब त्यास दर वेळी फेरपडताळणी करण्यास सांगितले जाते.

जो साठा आपल्या ताब्यात आहे तेथे दीर्घ मुदत व तत्काळ रद्द करण्याची सोय. जो ताब्यात नाही तेथे शून्य मुदत व फेरपडताळणी, हे तत्त्व यातून निष्पन्न होते. बाजारभावाच्या यंत्रणेसही ते लागू करता येईल. नवा भाव नोंदला जाताच वितरण केंद्रातील जुनी प्रत रद्द व्हावी.

११. कृषी माहितीसाठी काही सूचना

उपरोक्त विवेचनावरून निरनिराळ्या प्रकारच्या माहितीस एकच नियम लावणे अयोग्य ठरते. स्थूलमानाने पुढील विभागणी सुचविता येईल.

१) अक्षरसंच, बोधचिन्हे : देवनागरी अक्षरसंचात जोडाक्षरांमुळे आकृत्या पुष्कळ असतात व धारिका मोठी होते. तिच्या नावात आवृत्ती क्रमांक घालून एक वर्षाची, म्हणजे ३,१५,३६,००० सेकंदांची मुदत द्यावी. बदल झाल्यास नाव बदलावे.

२) किमान आधारभूत किंमत : ही हंगामासाठी एकदा जाहीर होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसास क्विंटलला ७,७१० व लांब धाग्याच्या कापसास ८,११० रुपये जाहीर झाले होते. अशा पृष्ठास एका दिवसाची मुदत पुरेशी आहे.

३) दिवसाचे बाजारभाव : लिलावाच्या वेळेत पाच मिनिटे, त्यानंतर पुढील लिलावापर्यंत उरलेला काळ, अशी बदलती मुदत सर्व्हरने हिशेबाने द्यावी. सोबत ‘मस्ट-रिव्हॅलिडेट’ असावे.

४) व्यक्तिगत माहिती, जसे विक्रीची नोंदणी अथवा देयकाची स्थिती : ‘नो-स्टोअर’.

या सर्वांहून महत्त्वाची सूचना वाचकाशी निगडित आहे. आतापर्यंत वर्णिलेली सर्व हेडरे यंत्रे वाचतात, वाचकाच्या डोळ्यांना ती दिसत नाहीत. प्रतिसाद शिळा असल्याचा इशारा देण्यासाठी पूर्वी ‘वॉर्निंग’ हे हेडर होते व त्यात ११० हा क्रमांक शिळेपणासाठी राखून ठेवलेला होता. परंतु ते फारसे पाठविले जात नसे आणि वाचकापर्यंतही पोहोचत नसे. म्हणून २०२२ च्या दस्तऐवजाने ते रद्दबातल ठरविले. यामुळे शिळेपणाची सूचना देण्याची जबाबदारी आता पृष्ठाच्या मजकुरावरच येऊन पडते. प्रत्येक भावापुढे बाजार समितीचे नाव, तारीख आणि नोंदीची वेळ ठळकपणे छापलेली असावी. यार्डातील फळ्यावर खडूने भाव लिहिणारा कर्मचारी आधी वर तारीख घालतो. संकेतस्थळाने त्याहून कमी करू नये.

१२. समारोप

सारांश, ताजेपणाचा निर्णय हा मुदत व वय या दोन संख्यांची तुलना होय. वय मोजण्याचे नियम सावध आहेत व ते चुकीच्या घड्याळातूनही बऱ्याच अंशी मार्ग काढतात. मुदत मात्र माहितीच्या मालकाने सांगायची असते. त्याने मौन पाळल्यास यंत्र अनुमान करते आणि हंगामी माहितीच्या बाबतीत ते अनुमान नेमके मोक्याच्या वेळी फसते. कापूस केव्हा बाजारात येतो, लिलाव किती वाजता सुरू होतो, दर केव्हा बदलतो हे ज्ञान आज्ञावलीत जन्मतः नसते. ते बाजार समितीच्या कर्मचाऱ्याजवळ व शेतकऱ्याजवळ असते. म्हणून आपल्या भागासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने संगणकासमोर बसण्यापूर्वी एक दिवस यार्डात उभे राहून लिलाव पाहावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ‘मॅक्स-एज’पुढे कोणता आकडा लिहावा, याचे उत्तर त्यास तेथेच मिळेल.